रक्ताची वर्गणी



इतिहास म्हटला की रक्ताचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. लढाया, बंडे, गोळीबार, हुतात्मे ह्यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथांत रक्त सांडते. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे त्यात ते सांडत नाही. एका माणसाच्या शिरेतून निघून दुसऱ्या माणसाच्या शिरेत जाते. हा इतिहास जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यातले एक मोठे प्रकरण विशी-बाविशीच्या विद्यार्थ्यांनी घडविलेले आहे.

माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात बसून. तेव्हा वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा मुळीच इरादा नाही. संघटना कशी उभी राहते आणि कशी टिकते, ह्याचा मात्र मला थोडाबहुत अनुभव आहे. त्याच नजरेने मी हा विषय आपल्यापुढे ठेवणार आहे.

व्हिएन्ना शहरातील डॉक्टर कार्ल लँडस्टाइनर ह्यांनी १९०१ साली माणसाच्या रक्तात निरनिराळे गट असल्याचे दाखवून दिले. तोपर्यंत एकाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे निव्वळ जुगार होता. कोणी वाचे, कोणी तडफडून मरे. पुढे १९१४ च्या सुमारास सोडियम सायट्रेट नावाचा क्षार योग्य प्रमाणात मिसळल्यास रक्त गोठत नाही, असे आढळले. १९३७ साली शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस ह्यांनी रक्त साठवून ठेवण्याची व्यवस्था केली आणि तिला ‘ब्लड बँक’ असे नाव दिले. आपण तिला रक्तपेढी म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो, कारण कामगारांच्या पतपेढीत मी बरीच वर्षे काढली आहेत. पेढीचा नियम साधा असतो : कोणी तरी ठेव ठेवलेली असेल तरच कोणाला तरी उचल मिळते.

शास्त्रज्ञांनी आपले काम केले. परंतु त्यांच्या शोधाने एक नवाच प्रश्न उभा राहिला आणि तो शास्त्राचा नव्हता. रक्त आणायचे कोणाकडून? कारखान्यात ते तयार होत नाही. आजही होत नाही. ते फक्त माणसाकडून मिळते. माणसाकडून एखादी वस्तू मिळवायची तर ती विकत घ्यावी लागते किंवा मागावी लागते. जगाने हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले.

न्यूयॉर्क शहरात विकत घेण्याचा मार्ग रुळला. १९३० नंतरच्या दशकात तेथे रक्त विकणाऱ्यांनी चक्क आपली युनियनही काढली होती. ते मंदीचे दिवस होते. हाताला काम नसलेल्या माणसाने शिरेतले रक्त विकायला काढले आणि त्याला वाजवी भाव मागितला, तर मी तरी त्याला दोष देणार नाही. आम्ही हाताच्या कष्टाचा भाव मागतो. त्याने रक्ताचा मागितला. दोष आहे तो माणसाला त्या दारापर्यंत आणून सोडणाऱ्या परिस्थितीचा.

लंडनमध्ये दुसरा मार्ग निघाला. पर्सी लेन ऑलिव्हर नावाचा एक साधा सरकारी नोकर कॅम्बरवेल भागातील रेड क्रॉस शाखेचा चिटणीस होता. १९२१ साली किंग्ज कॉलेज रुग्णालयातून त्याच्याकडे निरोप आला की, एका रोग्याला तातडीने रक्त हवे आहे. ऑलिव्हर आणि त्याचे काही सहकारी तेथे गेले आणि त्यांच्यातल्या एका परिचारिकेचे रक्त जुळले. अशी कथा एरवी इथेच संपते. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. ऑलिव्हर मात्र चिटणीस होता. त्याने एक यादी सुरू केली : नाव, रक्तगट, पत्ता. बोलावणे आले की यादीतला माणूस जाई, रक्त देई आणि एक पैसाही न घेता परत येई. ह्या यादीत तरुण रोव्हर स्काउटांचा भरणा मोठा होता. स्वेच्छा रक्तदानाची पहिली मोठी संघटना ह्या यादीतून वाढली.

आता आपल्या देशाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रक्तपेढ्यांचे काम आपल्याकडे रुजले. तेव्हा सैनिकांसाठी लोकांनी रक्त दिले. लढाई संपली आणि तो उत्साहही ओसरला. मुंबईत १९५४ पासून लीला मुळगावकर ह्यांनी स्वेच्छा रक्तदानाची शिबिरे भरविण्यास आरंभ केला, तो ह्या क्षेत्रातला मोठा उपक्रम होय. तरीही पुढची कित्येक दशके देशातल्या रुग्णालयांची गरज भागविण्यात विकत घेतलेल्या रक्ताचा वाटा मोठा राहिला. ‘व्यावसायिक रक्तदाता’ असा एक विचित्र शब्द त्या काळात रूढ झाला. जो विकतो त्याला दाता म्हणायचे!

हा दाता कोण होता ते मी पाहिलेले आहे. १९९० च्या आसपास मी हमाल व बिगारी कामगारांत काम करू लागलो. ज्या दिवशी गाडी लागत नसे, त्या दिवशी नाक्यावरचे दोघे-तिघे गुपचूप उठून जात आणि दुपारी हातात थोडे पैसे घेऊन येत. दंडाच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा असे. एक जण दर पंधरा-वीस दिवसांनी जाई. अंगातले रक्त भरून यायला महिने लागतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि ज्याने ते काढून घेतले त्याने विचारलेही नव्हते. असा माणूस पाठीवर शंभर किलोचे पोते कसे उचलत असेल, ह्याची कल्पना करा. त्याचे पातळ रक्त ज्या रोग्याला चढवले जाई, त्याच्या पदरात तरी काय पडत असेल, ह्याचीही करा.

रक्ताच्या विक्रीत दोघांचीही फसवणूक होते. विकणारा आपला आजार लपवतो, कारण आजार सांगितला तर पैसे बुडतात. देणाऱ्याला मात्र लपवण्याचे काही कारण नसते. इंग्लंडमधील रिचर्ड टिटमस ह्यांनी १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ ह्या ग्रंथात हेच मांडले. इंग्लंडची दानावर चालणारी पद्धत आणि अमेरिकेतील पैशावर चालणारी पद्धत ह्यांची तुलना करून, विकत घेतलेले रक्त रोग्याला अधिक धोक्याचे ठरते आणि वायाही अधिक जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ह्या टिटमससाहेबांविषयी मला विशेष आपलेपणा वाटतो. त्यांची शाळा चौदा-पंधराव्या वर्षी सुटली होती, विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, आणि तरीही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्थेत ते प्राध्यापक झाले.

रक्ताच्या बाजाराची ही कहाणी एकट्या भारताची नव्हती. शेजारच्या बांगलादेशाची स्थिती आपल्याहून बिकट होती. १९७१ च्या युद्धातून तो देश नुकताच उठलेला, १९७४ साली दुष्काळाने पोळलेला. ढाक्याच्या रुग्णालयांत रक्त हवे असेल तर रोग्याच्या नातेवाइकाने विकणारा शोधावा, अशी रीत पडलेली. ही रीत मोडण्यासाठी जे पुढे आले ते मंत्री नव्हते की नामांकित डॉक्टरही नव्हते. ती ढाका मेडिकल कॉलेजात शिकणारी मुले होती.

५ फेब्रुवारी १९७७ रोजी त्या कॉलेजातील सहा विद्यार्थी एकत्र आले. त्यांच्या मनात तेव्हा रक्तदान नव्हतेच. एका गरीब सहाध्यायाला सकाळची न्याहारी परवडत नव्हती. आपापसांत पैसे जमवून त्याची सोय करावी, एवढाच विचार होता. त्या मंडळाला त्यांनी ‘संधानी’ असे नाव दिले. संधानी म्हणजे शोध घेणारा. न्याहारीच्या वर्गणीपासून सुरू झालेले हे काम रोग्यांच्या खाटांपर्यंत पोचले, आणि २ नोव्हेंबर १९७८ रोजी ढाका मेडिकल कॉलेजच्या रक्तपेढीत संधानीने स्वेच्छा रक्तदानाचा पहिला कार्यक्रम घेतला. त्या देशातील स्वेच्छा रक्तदानाची चळवळ ह्याच दिवसापासून मोजली जाते, आणि २ नोव्हेंबर हा तेथे राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान व मरणोत्तर नेत्रदान दिन म्हणून पाळला जातो. पुढे एकामागून एक वैद्यकीय महाविद्यालयांत संधानीच्या शाखा निघाल्या. २००४ साली त्या राष्ट्राने आपला स्वातंत्र्य पुरस्कार देऊन तिचा गौरव केला.

श्रोतेहो, सुरुवात कोठून झाली ते ध्यानात घ्या. जे मंडळ आपल्या सोबत्याच्या न्याहारीसाठी दरमहा पैसे गोळा करू शकते, तेच उद्या परक्या माणसासाठी रक्तही गोळा करू शकते. आमच्या युनियनचेही असेच असते. ज्या खात्यात कामगार कोणाच्या मयतीला, कोणाच्या बाळंतपणाला वर्गणी काढतात, त्या खात्यातली युनियन संपात फुटत नाही.

संधानी ही डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची संस्था होती. रुग्णालय त्यांच्या दाराशीच होते. इतर विद्यार्थ्यांचे काय? त्याचे उत्तर वीस वर्षांनी मिळाले. २४ ऑक्टोबर १९९७ रोजी ढाका विद्यापीठाच्या शहीदुल्ला हॉल ह्या वसतिगृहात ‘बाँधन’ नावाची संघटना स्थापन झाली. बंगालीत बाँधन म्हणजे बंध, नाते. तिने वसतिगृह हेच आपले ठाणे केले. विद्यार्थ्यांचे रक्तगट फुकट तपासायचे, त्यांची नोंद ठेवायची, आणि रोग्याचा नातेवाईक वसतिगृहाच्या दाराशी आला की नोंदवहीत पाहून त्या गटाच्या मुलाला हाक मारायची. मुलगा उठतो, रुग्णालयात जातो, रक्त देतो आणि परत येऊन अभ्यासाला बसतो. विद्यार्थी शिकून बाहेर पडतात, तेव्हा हे काम धाकट्यांच्या हाती सोपवून जातात. पुढे इतर विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हीच घडी बसविण्यात आली. कॅम्बरवेलच्या ऑलिव्हरने जी यादी केली होती, तीच इथे नव्याने अवतरली. बांगलादेशात सुरक्षित रक्त संक्रमणाचा कायदा २००२ साली झाला. म्हणजे कायद्याच्या आधी चोवीस वर्षे मुले कामाला लागली होती.

विद्यार्थ्यांच्या संघटनेत एक उपजत दुबळेपणा असतो. कामगार एका गिरणीत तीस-तीस वर्षे काढतो. विद्यार्थी चार-पाच वर्षांत निघून जातो. आज उत्साहाने रक्त देणारा मुलगा शिक्षण संपताच कोठे तरी नाहीसा होतो. ही अडचण आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाला तीव्रतेने जाणवली. तेथे रक्ताचा मोठा भाग शाळांतील मुलांकडून येत असे आणि शाळा सुटली की दाता हरवत असे. त्यात एड्सची साथ पसरलेली. सुरक्षित रक्त मिळणे दुर्घट झालेले. तेव्हा १९८९ साली तेथील राष्ट्रीय रक्तसेवेने ‘प्लेज २५’ नावाची मंडळे काढली. शाळा सोडणाऱ्या मुलाने प्रतिज्ञा करायची की, मी पंचवीस वेळा रक्त देईन आणि माझे रक्त देण्याजोगे राहील अशा रीतीने वागेन. रक्त स्वच्छ ठेवायचे म्हणजे वागणे स्वच्छ ठेवायचे, ही गोष्ट त्या मुलांनी आपल्या बरोबरीच्यांना आपल्या भाषेत सांगितली. थोरांच्या उपदेशाने जे साधले नसते, ते सोबत्याच्या शब्दाने साधले. ही कल्पना पुढे रेड क्रॉस व जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी उचलून धरली आणि ‘क्लब २५’ ह्या नावाने ती अनेक देशांत गेली.

ह्या पंचवीस आकड्याचा हिशेब मांडून पाहा. आपल्या नियमांप्रमाणे पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. एकही पाळी न चुकवता पंचवीस वेळा द्यायचे तर पुरुषाला सहा वर्षे आणि स्त्रीला आठ वर्षे लागतात. म्हणजे ती प्रतिज्ञा एका दिवसाच्या शौर्याची नाही. ती सभासदत्वाची आहे. आम्ही युनियनवाले देणगी आणि वर्गणी ह्यांत फरक करतो. देणगी एकदा येते आणि देणाऱ्याचे नाव फलकावर लागते. वर्गणी दरमहा येते आणि तिचे कोणी कौतुक करीत नाही. परंतु कचेरीचे भाडे आणि कोर्टाचा खर्च वर्गणीतूनच भागतो. रक्ताला आपण ‘दान’ म्हणतो, तो शब्द थोर आहे. पण काम चालते ते रक्ताच्या वर्गणीवर. माझ्या सगळ्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे.

ह्या कसोटीवर आपण कोठे आहोत? आपल्या देशात १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन १९७५ पासून पाळला जातो. ‘कॉमन कॉज’ ह्या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. आमच्या नाक्यावरचे ते कापसाचे बोळे त्यानंतर दिसेनासे झाले. परंतु कायद्याने दुकान बंद केले म्हणून भूक बंद होत नाही आणि गरजही बंद होत नाही. २००८ साली उत्तर प्रदेशात गोरखपूर येथे पोलिसांनी काही मजुरांची सुटका केली. त्यांना कोंडून ठेवून त्यांचे रक्त वरचेवर काढले व विकले जात होते. बंदीला तेव्हा दहा वर्षे झाली होती. जेथे देणारे पुरे पडत नाहीत तेथे दलाल उभा राहतोच. ‘आधी बदली रक्त आणा, मग पिशवी मिळेल’ असे ऐकून भांबावलेला खेडूत रुग्णालयाच्या व्हरांड्यात फिरत असतो. दलाल नेमका त्यालाच हेरतो. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने ही बदली रक्ताची पद्धत हळूहळू बंद करण्याचे ठरविले. ती खऱ्या अर्थाने बंद होणे मात्र पेढीतल्या ठेवीवरच अवलंबून आहे.

महाराष्ट्राने ह्या कामी देशात पुढचे स्थान मिळविले आहे आणि त्यात विद्यार्थ्यांचा मोठा हातभार आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या पथकांनी कॉलेजाकॉलेजांतून शिबिरे भरविली. आज रक्तदान म्हटले की आई-वडील पूर्वीसारखे घाबरत नाहीत, ह्याचे श्रेय ह्या मुलामुलींना आहे.

पण आपली शिबिरे बहुधा देणगीच्या धर्तीची असतात. पुढाऱ्याचा वाढदिवस येतो, मंडप पडतो, हजार पिशव्यांचा उच्चांक गाजतो. रक्ताला मात्र उच्चांक कळत नाही. तांबड्या पेशी फार तर पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट पाच दिवसांत संपतात. हजारांचा मंडप उठल्यावर पंधरा दिवसांनी कर्करोगाच्या रोग्याला प्लेटलेट लागल्या तर त्या मंडपाचा काय उपयोग? थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याची गरज कोणाच्या वाढदिवसाची वाट पाहत नाही. बाळंतिणीच्या रक्तस्रावाला तर तासाचाही धीर नसतो. आणि काही गट असे असतात की, त्यांच्यासाठी गर्दी कुचकामाची, यादीच हवी. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५२ साली जगाला ज्याची ओळख करून दिली, त्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त लागते. असा दाता ऐन वेळी गर्दीत सापडत नाही. त्याचे नाव कोणी तरी आधीच लिहून ठेवलेले असावे लागते.

म्हणून ज्या विद्यार्थी पुढाऱ्यांना हे काम करायचे आहे त्यांना माझे सांगणे असे की, मंडपाआधी वही करा. कॉलेजात अठरा वर्षांवरची, वजनाने व प्रकृतीने रक्त देण्यास योग्य अशी पाचशे वीस मुले-मुली असतील तर त्यांच्या दहा-दहांच्या बावन्न तुकड्या पाडा आणि वर्षातला एकेक आठवडा एकेका तुकडीला नेमून द्या. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षात एक पाळी येते. कोणावर भार नाही आणि पेढीचा एकही आठवडा कोरडा जात नाही. आपण पदावरून उतरण्याआधी वही चालविणारा दुसरा तयार करा. आणि कोणी भीतीने नाही म्हटले तर त्याला भित्रा म्हणून हिणवू नका. भरीस घातलेला दाता दुसऱ्यांदा येत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या स्वतःच्या मंडळींसाठी आहे. ही व्याख्यानमाला वसंतात भरते. परीक्षा संपलेल्या आहेत, वसतिगृहे रिकामी झाली आहेत, मुले आपापल्या गावी गेली आहेत. नेमक्या ह्याच दिवसांत आपल्या रक्तपेढ्यांत दरवर्षी टंचाई पडते. दिवाळीच्या सुटीतही पडते. २०२० साली महामारीमुळे महाविद्यालये बंद राहिली तेव्हा ही टंचाई साऱ्या राज्याने अनुभवली. विद्यार्थ्यांवर आपण किती विसंबून आहोत, ते त्या वर्षाने दाखवून दिले. परंतु कारखान्यांना, एस.टी. आगारांना, बाजार आवारांना उन्हाळ्याची सुटी नसते. तेव्हा शैक्षणिक वर्षाचा भार विद्यार्थ्यांनी उचलावा आणि एप्रिल, मे व दिवाळीचे आठवडे कामगार संघटनांनी आपल्या अंगावर घ्यावेत, असा माझा प्रस्ताव आहे. रक्त देणाऱ्या कामगाराला त्या दिवशी जड काम लागू नये, एवढे आम्ही मालकांकडून मान्य करून घेऊ. ज्या वर्गाचे रक्त एके काळी बाजारात विकत घेतले गेले, त्या वर्गाने आता ते ताठ मानेने आणि बिनमोल द्यावे, ह्यात मला मोठा न्याय दिसतो.

१ मे जवळच आहे. त्या दिवशी झेंडावंदन आपण करतोच. ते झाल्यावर प्रत्येक युनियनच्या कचेरीत एक कोरी वही उघडावी आणि पहिल्या पानावर चिटणिसाने प्रथम आपले नाव व रक्तगट लिहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.